दिव्यांग कोट्यातून फॉर्म भरताय? आधी कार्डाची पट्टी बघा

सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, २०१६ च्या कायद्याने ३ चे ४ झाले, हे आता बहुतेकांना माहितीये. तरी दर भरतीला फॉर्म बाद होतातच आणि कारणं तीच तीच असतात म्हणून लिहितोय.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, हातात आलं म्हणजे कोटा मिळाला असं नाही हो. पट्टीचा रंग बघा. पांढरी म्हणजे अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत, पिवळी ४० ते ७९, निळी ८० आणि वर. कोट्याला किमान ४० लागतात. एक डोळा पूर्ण गेलाय पण दुसरा चांगला आहे तर ३० टक्केच बसतात. आणि एकाच कानाने ऐकू येत नसेल तर ते कायद्याच्या व्याख्येत येतच नाही, दोन्ही कानांना ६० डेसिबल किंवा जास्त लॉस लागतो. पटत नाही, मलाही नाही पटत, पण टेबलामागचा माणूस आकडा बघतो.

४० असले तरी पोस्ट तुमच्या प्रकाराला हवी. जाहिरातीच्या पीडीएफमध्ये ओएल म्हणजे एक पाय, ओए म्हणजे एक हात, बीएल म्हणजे दोन्ही पाय, असं बारीक अक्षरात दिलेलं असतं. आमच्याकडे एक पोरगा आला होता, दोन्ही पायांना पोलिओ, पोस्ट फक्त ओएलला, लेखी पास झाला आणि व्हेरिफिकेशनला घरी पाठवला. वर्षभराचा अभ्यास गेला ना त्याचा, ती एक ओळ वाचली नाही म्हणून.

सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघा. संपत आली असेल तर जाहिरातीची वाट बघू नका, आत्ताच रिन्यूला टाका, कारण फॉर्मच्या शेवटच्या तारखेनंतरचं सर्टिफिकेट घेऊन गेलात की वाद सुरू. सर्टिफिकेटवरचं नाव दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच हवं, अक्षर न अक्षर.

लेखनिकाचं, म्हणजे परीक्षेत तुमच्यासाठी पेपर लिहिणाऱ्याचं, पण असंच. अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी यांना मागितला की मिळतो, बाकीच्यांना लिहायला अडचण आहे असं सरकारी हॉस्पिटलचं वेगळं पत्र लागतं, तेही ठरलेल्या नमुन्यातच. हे पत्र बहुतेकांकडे नसतंच, हॉलतिकीट आल्यावर पळापळ. लेखनिक नको असेल तरी तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, तो फॉर्ममध्येच मागा.

जात प्रवर्गाचा रकाना पण भरा, दिव्यांग आरक्षण समांतर आहे, दोन्ही एकत्र चालतात. वय राज्यात ४५ पर्यंत, केंद्रात १० वर्षं सूट.

कार्डच नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, फोटो, आधार, मग सिव्हिलला तपासणी. तपासणीचा मेडिकल बोर्ड ठरलेल्या वारीच बसतो, फोन करून जा. आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे का, तेही विचारून घ्या. पायाचं अपंगत्व तपासायची खोली दुसऱ्या मजल्यावर, हे मी डोळ्यांनी बघितलंय.