जोखमीची खूण की आजाराचं कारण?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एचडीएल आणि एलडीएल हे आकडे एकाखाली एक छापलेले असतात. एक ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, दुसरं ‘वाईट’. हृदयविकाराचा अंदाज दोन्हींवरून बांधता येतो. पण आजाराचा अंदाज देणं वेगळं आणि आजार घडवणं वेगळं. वर्षानुवर्षं अंगात मुरणाऱ्या आजारांच्या अभ्यासात सगळ्यात महागात पडणारी गल्लत इथेच होते.

जिच्यावरून पुढच्या आजाराचा अंदाज येतो ती खूण. जे बदललं की आजाराचं प्रमाणही बदलतं ते कारण.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथे 1948 पासून हजारो लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवली गेली. एचडीएल कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे तिथे स्पष्ट दिसलं. म्हणजे एचडीएल वाढवलं की हृदय वाचणार, असं वाटणं साहजिकच होतं. मात्र एचडीएल कमी असलेल्यांमध्ये लठ्ठपणा, धूम्रपान, बैठं काम आणि वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) हेही जास्त आढळतं. संख्याशास्त्रज्ञ रिग्रेशन नावाच्या गणिती पद्धतीने या गोष्टींचा परिणाम वजा करतात, पण जे नीट मोजलेलंच नाही ते वजा कसं होणार? ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाच्या हो-नाहीत चाळीस वर्षांच्या सिगारेटी मावत नाहीत. शिवाय रक्तवाहिन्यांचा आजार निदानाच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि शरीरातला दाह (आतली सूज, इन्फ्लमेशन) एचडीएल खाली आणतो. त्यामुळे परिणामच कारणासारखा दिसू शकतो.

खरी परीक्षा औषधांनी झाली. टॉरसेट्रॅपिबने एचडीएल सुमारे 72 टक्क्यांनी वाढवलं, तरी औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता, म्हणून दोष एचडीएलच्या कल्पनेचा की औषधाचा, हा प्रश्न उरलाच. 2012 मध्ये एचडीएल वाढवणाऱ्या डालसेट्रॅपिब या दुसऱ्या औषधाची चाचणीही फायदा दिसत नसल्याने बंद झाली.

त्याच वर्षी जनुकांकडूनही उत्तर आलं. आईवडिलांकडून जनुकाचं कोणतं रूप मिळेल हे जवळपास नाणेफेकीसारखं ठरतं, त्यावर आपल्या सवयींचा परिणाम होत नाही. या नैसर्गिक वाटणीचा उपयोग करणाऱ्या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. एका जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे काहींचं एचडीएल जन्मापासून जास्त असतं. निरीक्षणांवरून त्यांचा हार्ट अटॅकचा धोका 13 टक्के कमी असायला हवा होता. प्रत्यक्षात तो कमी नव्हताच.

एलडीएलची गोष्ट उलट निघाली. पीसीएसके9 हे जनुक निकामी करणारे बदल घेऊन जन्मलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांमध्ये एलडीएल 28 टक्के कमी आणि हृदयविकाराचं प्रमाण तब्बल 88 टक्के कमी आढळलं (2006). माझ्या मते जैवसंख्याशास्त्राने दिलेल्या सर्वात सुंदर निष्कर्षांपैकी हा एक आहे. आकड्यांतली घट लहान, पण ती आयुष्यभराची! या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारी औषधं पुढे आली आणि त्यांनी हार्ट अटॅक कमीही केले.

ही पद्धत रामबाण नाही. एकच जनुक दोन-तीन वाटांनी काम करत असेल, तर कोणत्या वाटेने आजार आला हे सांगता येत नाही. म्हणून अनेक जनुकं एकत्र घेऊन तपासतात आणि उत्तरं जुळतात का ते पाहतात.

खूण कारण नसली म्हणून टाकाऊही ठरत नाही. धोका मोजण्याच्या गणितात एचडीएल आजही धरतात. दाह दाखवणाऱ्या सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाचंही असंच आहे. सीआरपी वाढवणाऱ्या जनुकांनी हृदयविकार वाढत नाही, म्हणजे ते कारण नव्हे. पण ज्या दाहामुळे सीआरपी वाढतं त्याच्या साखळीत वर गेलं, की चित्र बदलतं. दाह भडकवणारं इंटरल्यूकिन-1 बीटा हे प्रथिन रोखणारं कॅनाकिनुमॅब हे औषध सीआरपी जास्त असलेल्या रुग्णांना दिलं गेलं. 2017 मध्ये निकाल आला: एलडीएल तसंच राहिलं, पण 150 मिलिग्रॅमच्या डोसने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले.