एक्स-रेवरचा समतोल आणि शरीराचा तोल

वाढत्या वयातल्या मुलीला स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याचा विकार, निघाला की घरात एक्स-रेचा अहवाल येतो. त्यात 'मणका समतोल आहे' असा शेरा असला की उभं राहताना, चालताना तिचा तोल नीट आहे हेही तपासून झालं, असं पालक धरून चालतात. ते तपासलेलं नसतं.

एक्स-रेवरचा समतोल ही भूमिती आहे. मानेच्या तळाच्या सातव्या मणक्यापासून ओळंबा सोडावा तशी रेषा खाली आणतात आणि ती त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या, मध्यापासून किती सरकली ते मोजतात. साधारण 2 सेंटिमीटरच्या आत असेल तर धड कमरेच्या बरोबर वर आहे असं मानतात. वाक किती मोठा आहे हे मोजतो तो कॉब कोन. तो 10 अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. पाठीत एक बाक उजवीकडे आणि खाली दुसरा डावीकडे असला तर कोन मोठे असूनही रेषा मध्यावर पडते. एकच बाक असलेल्या मुलीचं धड मात्र लहान कोनातही एका बाजूला सरकलेलं असू शकतं.

तोल सांभाळणं हे मेंदूचं अखंड चाललेलं काम आहे, ते एका चित्रात सापडत नाही. स्तब्ध उभं असतानाही शरीर किंचित झुलतं. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे यांचे संदेश जुळवून मेंदू स्नायूंना क्षणोक्षणी सावरायला लावतो. हे मोजायला मुलांना दाब टिपणाऱ्या फळीवर उभं करतात, कधी डोळे मिटून, कधी पायाखाली मऊ फोम ठेवून. अनेक अभ्यासांत स्कोलिओसिस असलेली मुलं इतरांपेक्षा जास्त झुलताना दिसली, आणि काहींत तर एखाद्या इंद्रियाचा आधार काढून घेतल्यावर हा फरक आणखी उठून दिसला.

याच वेळी डोक्यावर ईईजीचे इलेक्ट्रोड लावले की मेंदूच्या लहरीही टिपता येतात. त्यांतल्या अल्फा लहरी सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा उमटतात, आणि मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे त्यांचा जोर सहसा कमी होतो. काही संशोधनांत या मुलांच्या लहरींची ठेवण वेगळी आढळली. याचा एक अर्थ असा लावतात की तेवढंच उभं राहायला त्यांच्या मेंदूला जास्त राबावं लागतं. पण मेंदूतला फरक आधीचा की वाकड्या पाठीमुळे आलेला, यावर संशोधकांचं एकमत नाही. म्हणून 'हिच्या मेंदूतच दोष आहे' असं मुलीसमोर कुणी म्हणू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उपचारांतही हा घोळ होतो. ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, वाढीच्या वयात वाक वाढू नये म्हणून असतो. तोल सुधारला का हे त्यावरून कळत नाही. तोलाचे व्यायाम चांगलेच, पण ब्रेस सांगितला असेल तर ते त्याची जागा घेत नाहीत.

आणि मुलगी अलीकडे अडखळायला लागली, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा बिघडला, तर एक्स-रेवर समतोल असला तरी थांबू नका. मज्जासंस्थेची तपासणी लगेच करून घ्या.