रिप्रेसर: जनुकांना गप्प बसवणारी प्रथिनं

रिप्रेसर म्हणजे जनुकाला गप्प बसवणारं प्रथिन. पेशीत डीएनएवरच्या जनुकाची आधी आरएनएमध्ये नक्कल उतरते, ह्यालाच ट्रान्सक्रिप्शन किंवा पुस्तकी मराठीत प्रतिलेखन म्हणतात, आणि मग त्या नकलेवरून प्रथिन बनतं. तर ही नक्कलच उतरू द्यायची नाही हे रिप्रेसरचं काम. माणसात प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जनुकं आहेत आणि लिव्हरच्या पेशीत काय नि मेंदूच्या पेशीत काय, असतात ती सगळीच्या सगळी, मग लिव्हरने मेंदूची कामं काढू नयेत म्हणून बरीचशी बंदच ठेवावी लागतात.

आमच्या खारेपाटात हे समजवायला उघाडीसारखं उदाहरण नाही. अलिबाग-पेणकडच्या खारजमिनीला समुद्राच्या अंगाने बांध असतो आणि बांधात उघाडी, म्हणजे वरून लटकवलेली झडप, पूर्वी लाकडी फळ्यांची असायची. भरतीला खारं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं, माणूस लागत नाही. तरी आजोबा भरतीच्या आधी एक फेरी मारायला लावायचेच, "उघाडी नीट बसतेय का बघून ये रे." कारण फळी कुजली तर खारं पाणी शेतात घुसतं आणि जमीन पुढची काही वर्षं धड भात देत नाही, आणि गाळ अडकून झडप बंदच राहिली तर आतलं पाणी तुंबून रोपं कुजतात. रिप्रेसरच्या बिघाडाने होणारे आजार साधारण ह्याच दोन जातीचे.

पहिला रिप्रेसर सापडला तो बॅक्टेरियात. ई. कोलायला दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवायची जनुकं असतात पण लॅक्टोज नसताना ती चालवणं म्हणजे फुकट खर्च, म्हणून एक प्रथिन डीएनएवर त्या जनुकांच्या तोंडाशीच बसून राहतं. लॅक्टोज आलं की त्याचंच एक बदललेलं रूप ह्या प्रथिनाला चिकटतं, प्रथिनाचा आकार बदलतो, पकड सुटते. हे गणित फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९६१ साली मांडलं, १९६५ चं नोबेलही मिळालं (आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत), पण गंमत म्हणजे तोवर ती वस्तू कुणी हातात धरलेलीच नव्हती, आणि १९६१ मध्ये त्यांना स्वतःला वाटत होतं की रिप्रेसर बहुधा आरएनएचा असावा! वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये तो वेगळा काढला तेव्हा ते प्रथिन निघालं. वेळ लागला कारण एका पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू असतात.

माणसात भानगड जास्त आहे. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, आणि आपले रिप्रेसर नुसते वाट अडवत नाहीत तर मदतनीस बोलावतात, ते हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, काढून टाकतात, मग गुंडाळी घट्ट होते आणि नक्कल करणाऱ्या यंत्रणेला आत शिरताच येत नाही.

आता कुजलेली फळी. आरबी हे प्रथिन स्वतः डीएनएला धरत नाही, ते ईटूएफ नावाच्या प्रथिनाला धरून पेशी-विभाजनाची जनुकं दाबून ठेवतं. आरबीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बाद झाल्या की लहान मुलांच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा हा कॅन्सर होऊ शकतो (फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवाच). मेकपी-टू हा दुसरा रिप्रेसर बिघडला तर रेट सिंड्रोम हा मेंदूचा आजार होतो, बहुतेक करून मुलींना, सुरुवातीचे महिने बाळ नीट वाढतं आणि मग आलेलं बोलणं आणि हाताची पकड जाते, हात सारखे चोळत बसते. हुडा झोग्बी यांच्या टीमने हा दुवा १९९९ मध्ये लावला. पण ह्याच जनुकाची एक प्रत जास्त झाली तरीही गंभीर आजार होतो, तो मुख्यतः मुलग्यांना.

अडकलेल्या झडपेचं ठळक उदाहरण एपीएल हा रक्ताचा कॅन्सर. १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होतं, ते पांढऱ्या पेशी पिकवणारी जनुकं दाबूनच ठेवतं, पेशी कच्च्याच राहतात आणि वाढत सुटतात. ह्यावर चालतं ते अ जीवनसत्त्वाचं एक रूप आणि चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक, अर्थात वैदूच्या पुडीतलं नाही, हॉस्पिटलात मोजून दिलेलं. हा एकेकाळी भराभर जीव घेणारा आजार, आज वेळेत पोचलेले बहुतेक पेशंट बरे होतात.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो बीसीएल-११-ए हा रिप्रेसर, कारण इथे झडप अगदी ठणठणीत असते आणि तरी ती मुद्दाम उघडायची असते. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, एचबीएफ म्हणतात त्याला. जन्मानंतर बीसीएल-११-ए त्याचं जनुक हळूहळू दाबतो आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन जागा घेतं, मोठ्या माणसात एचबीएफ सहसा एक टक्क्याच्या आत उरतं. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांत बिघाड ह्या मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये आहे, म्हणजे बाळाचंच चालू ठेवता आलं तर काम भागतं. बीसीएल-११-ए हाच तो दाबणारा हे २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमने दाखवलं. त्यावर उभी राहिलेली कॅसजेव्ही ही क्रिस्परने जनुक-संपादन करणारी थेरपी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्य केली. त्यात पेशंटच्या मूळपेशी बाहेर काढतात, पण बीसीएल-११-ए चं अख्खं जनुक तोडत नाहीत, कारण ते मेंदूत आणि इतर पेशींतही लागतं. फक्त लाल पेशी घडताना त्याला चालू करणारं बटण तेवढं तोडतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, त्यामुळे आपल्याकडे सध्या हायड्रॉक्सीयुरियाची गोळीच खरी, तीही बऱ्याच जणांत एचबीएफ वाढवते.

पालघरच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते तिथे हा रिप्रेसर नकळत मध्ये येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एचबीएफ अजून भरपूर असतं, झडप पुरती बसलेली नसते, त्यामुळे आजार असूनही बाळ खेळतं-हसतं दिसतं आणि शिबिरातली साधी सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची पहिली चाळणी) निगेटिव्ह येऊ शकते. एवढ्या लहान बाळाचं रक्त एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या लॅबमधल्या तपासणीला, पाठवतात, किंवा सहा महिन्यांनंतर पुन्हा बोलावतात.