शोधशीर्षक व शोधवर्णन (बेळगाव सीमाभाग)

शोधशीर्षक व शोधवर्णन : शोधयंत्राच्या निकालात एखाद्या वेबपानाचा दुवा म्हणून दिसणारी ठळक ओळ म्हणजे शोधशीर्षक आणि तिच्याखालचा एक-दोन वाक्यांचा मजकूर म्हणजे शोधवर्णन. पान करणारा ही दोन्ही पानाच्या संकेतलेखनात (कोडमध्ये) वेगळी नोंदवतो. शीर्षक ब्राउझरच्या टॅबवर तरी उमटते. वर्णन पानावर कुठेच दिसत नाही. व्यवहारात ‘टायटल’ आणि ‘मेटा डिस्क्रिप्शन’ हेच शब्द रुळले आहेत. कर्नाटकाच्या बेळगाव सीमाभागातील मराठी पानांपुरता या नोंदीचा विचार मर्यादित आहे.

शीर्षकाचा घटक वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ मधील एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या संकेतभाषेच्या, पहिल्या वर्णनापासून आढळतो. वर्णनाचा उगम तितका स्पष्ट नाही. ‘मेटा’ हा घटक नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० या प्रमाणात (आरएफसी १८६६ या क्रमांकाच्या इंटरनेटविषयक दस्तऐवजात) आहे. पण त्यात पानाचा गोषवारा लिहून तो शोधयंत्राने दाखवावा, ही प्रथा कोणी पाडली याविषयी एकमत नाही. काही जण तिचे श्रेय इन्फोसीक व ॲल्टाव्हिस्टा या तत्कालीन शोधयंत्रांना देतात, तर काही मे १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने घेतलेल्या शोधविषयक कार्यशाळेला. प्रथा आधी पडली व कार्यशाळेत तिला मान्यता मिळाली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

शीर्षक साठ अक्षरांचे असावे, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा दंडकही बहुधा जुनाच आहे. आरएफसी १८६६ मध्ये शीर्षकाला मर्यादा नसल्याचे सांगून, ते कापले जाऊ नये म्हणून चौसष्टपेक्षा कमी चिन्हांत बसवावे, असा सल्ला आहे. नुसते ‘प्रस्तावना’ यासारखे शीर्षक संदर्भ सुटल्यावर निरर्थक ठरते, हेही तिथेच नोंदवलेले आहे. ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘होम’ एवढेच शीर्षक असलेली पाने पाहिली, की हा इशारा फारसा कोणी वाचला नसावा असे वाटते.

देवनागरीत हा हिशोब बदलतो. गूगल शीर्षक कापते ते अक्षरे मोजून नव्हे, तर उपलब्ध रुंदीनुसार. ‘खानापूर (जि. बेळगाव) येथील कौले व विटांचे दर’ या शीर्षकात युनिकोड या संगणकीय लिपिसंकेताप्रमाणे, मोकळ्या जागा धरून, ४४ चिन्हे भरतात. त्यांपैकी ‘पू’चा उकार, चार ठिकाणची एकारमात्रा व एक अनुस्वार अशी सहा चिन्हे अक्षराच्या वर किंवा खाली बसतात आणि रुंदी घेत नाहीत. म्हणजे मोजणीचे साधन ४४ दाखवते तेव्हा डोळ्याला दिसणारी ओळ ३८ घरांचीच असते. उलट पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) देवनागरी नाव घातले तर ते फुगते. ‘बेळगाव’मधील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे आणि पत्त्यासाठी टक्केचिन्हांच्या संकेतनात (प्रत्येक बाइटाला ‘%’ व दोन वर्ण) नऊ वर्णांचे होते, सहा चिन्हांच्या नावाचे ५४ वर्ण होतात. पत्ता रोमनमध्ये व शीर्षक देवनागरीत ठेवण्याची इथली रीत त्यामुळे गैर म्हणता येत नाही.

सीमाभागातील खरी अडचण मात्र लांबीची नसून नावाची आहे. वेणुग्राम किंवा वेळुग्राम या जुन्या नावापासून आलेले ‘बेळगाव’ मराठीत पूर्वी ‘बेळगांव’ असे लिहिले जाई. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला. जुन्या पाट्या व जुने छापील मजकूर यांवर तो राहिला आणि तिथून उतरवलेल्या पानांतही शिरला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव कन्नड रूपाप्रमाणे ठरले. ते मराठीत उतरवताना शेवटची वेलांटी नियमाने दीर्घ होते आणि ‘बेळगावी’ हे रूप मिळते. पण मराठीत ‘बेळगावी’ हे पूर्वीपासूनच विशेषण आहे. ‘बेळगावी कुंदा’ या शीर्षकात ते गावाचे नाव आहे की कुंद्याचे विशेषण, हे वाचणाऱ्याला चटकन उमगते. यंत्राला ते उमगेलच, याची खात्री नाही. शिवाय ‘बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र’ ही घोषणा ज्यांच्या घरात ऐकू येत आली, त्यांना दुकानाच्या शीर्षकातले नावही निव्वळ पत्ता वाटत नाही. सीमाप्रश्नावरील महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

यावर दोन मते आहेत. एका मते दोन्ही नावे तिरकी रेघ देऊन शीर्षकातच लिहावीत. दुसऱ्या मते पान ज्या नावाने बोलते तेच शीर्षकात ठेवावे व दुसरे वर्णनात आणि मजकुरात आणावे. दुसरे मत अधिक ग्राह्य आहे. गूगलने ऑगस्ट २०२१ मध्ये शीर्षक ठरवण्याची पद्धत बदलली, तेव्हापासून पानाच्या मजकुराशी न जुळणारे शीर्षक ते स्वतःच बदलू शकते. अर्थात सुमारे ८७ टक्के वेळा लिहिलेले शीर्षकच वापरले जाते, असे गूगलने त्या वर्षी सांगितले होते. जून २०२२ मध्ये आणखी एक सुधारणा जाहीर झाली : शीर्षक पानाच्या मुख्य मजकुराच्या भाषेत व लिपीत असावे. पान मराठी आणि शीर्षक रोमन, हा सीमाभागात सर्रास दिसणारा प्रकार नेमका या तत्त्वाच्या विरुद्ध जातो.

एकाच नावाची गावे हा दुसरा गुंता. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे तसा सांगली जिल्ह्यातही आहे. बेळगावच्या शहापूरला ठाणे जिल्ह्यातले शहापूर आडवे येते आणि विणकरांच्या वडगावला पुणे व कोल्हापूरकडची वडगावे. साड्यांच्या दुकानाने ‘शहापूर’ एवढेच लिहिले, तर ठाण्याचे गिऱ्हाईक येऊन परत जाते. जिल्ह्याचे नाव कंसात देणे हाच साधा उपाय. विभक्तीचाही विचार करावा लागतो. ‘खानापुरात’ लिहिताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणजे चिन्हच बदलते. म्हणून गावाचे नाव निदान एकदा तरी मूळ रूपात यावे. ‘खानापुरातील कौले’पेक्षा ‘खानापूर येथील कौले’ बरे. हीच गोष्ट कोल्हापूर, सोलापूर यांनाही लागू पडते, निपाणीला नाही.

वर्णनाबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. ते शोधनिकालांच्या क्रमवारीत धरले जात नसल्याचे गूगलने २००९ मध्ये सांगितले. शोधलेल्या शब्दांना पानातला दुसरा मजकूर अधिक जुळत असेल, तर गूगल वर्णन बाजूला ठेवून तोच दाखवते. डिसेंबर २०१७ मध्ये वर्णने लांबली आणि मे २०१८ मध्ये पुन्हा आखडली, त्यामुळे लांबीचा पक्का आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. कामाची गोष्ट पहिल्या वाक्यात यावी. कौलांच्या त्याच पानाला ‘खानापूर तालुक्यात भाजलेल्या कौलांचे व विटांचे शेकडा दर, भट्टीचा पत्ता आणि बेळगावी शहरात पोहोचवण्याचा खर्च’ हे वर्णन पुरे. दुसरे नाव त्यात सहज येते आणि कोणी दुखावत नाही. ‘उत्तम दर्जा, विनम्र सेवा, एकवार भेट द्या’ हा हँडबिलातला मजकूर वर्णनात घालण्याची हौस दांडगी आहे. त्यावरून दुकान कौलांचे की कापडाचे, ते कळत नाही.

कारवार-हल्याळकडे देवनागरीत कोकणीही लिहिली जाते. पानाची भाषा गूगल संकेतलेखनातील भाषानिर्देशावरून नव्हे, तर दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखते. त्यामुळे तिथे दोन-चार शब्दांच्या शीर्षकावर भिस्त न ठेवता पानावर पुरेसा मराठी मजकूर असणे महत्त्वाचे ठरते. बिदर-भालकी भागात ‘बिदर’ व ‘बीदर’ अशी दोन्ही रूपे चालतात. एका संकेतस्थळावर त्यांपैकी एकच सातत्याने वापरावे.