परका 'आप्पा' आणि घरची 'लूर'

कोरियन मालिका बघायला बसलेल्या मराठी माणसाचे कान पहिल्याच भागात टवकारतात. पोरगं आईला 'ऑम्मा' म्हणतं आणि बापाला 'आप्पा'. बेळगाव-सोलापूरकडच्या माणसाला तर ही हाक शेजारच्या घरातूनच आल्यासारखी वाटते. यांचं आणि आपलं काहीतरी जुनं नातं असणार, अशी शंका येतेच. ती नवी नाही. १९०५ साली होमर हल्बर्ट या कोरियात राहिलेल्या अमेरिकन शिक्षकाने कोरियन आणि द्राविडी, म्हणजे 'आप्पा' म्हणणाऱ्या कन्नड-तमिळसारख्या, भाषांची व्याकरणं शेजारी मांडून हे नातं दाखवायचा प्रयत्न केला होता. भाषाशास्त्राने ते मानलं नाही. आई-बापांच्या नावांवर तर अजिबातच विसंबता येत नाही. तान्ह्या बाळाला ओठ मिटून उघडले की होणारे 'म', 'प', 'ब' हे आवाज लवकर जमतात, आणि जगभरचे आईबाप ती आपलीच हाक समजून खूश होतात.

आता अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानच्या वायव्येला बोलली जाणारी पश्तो घ्या. मुलगी म्हणजे 'लूर', दहा म्हणजे 'लस'. ओळखीचं काहीच वाटत नाही. पण शेजारी संस्कृतमधले 'दुहितृ' आणि 'दश' ठेवा. दोन्हीकडे सुरुवातीच्या 'द'चा 'ल' झालेला दिसेल. असं एकदाच झालं तर योगायोग; नेमाने होत गेलं तर तो ध्वनिनियम, आणि भाषांची कुळं ठरतात ती अशा नियमांवरून. मग बाकीचे चेहरेही उजळत जातात. घोडा 'आस' (अश्व), रात्र 'श्पा' (क्षपा), भाऊ 'व्रोर' (भ्रातृ), चार 'त्सलोर'. या शेवटच्या शब्दातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक' आणि 'चूक'मधला च. पश्तो ही इंडो-युरोपीय कुळाच्या इराणी शाखेतली, म्हणजे मराठीची लांबची चुलत बहीण. कोरियनला मात्र जेजू बेटावरची बोली सोडली तर सिद्ध झालेलं एकही नातलग नाही.

गंमत अशी, की वाक्य बनवायला घेतलं की ही परकी कोरियनच सोपी वाटते. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. पण त्यावरून नातं जोडायची घाई नको. जगातल्या भाषांत हाच क्रम सगळ्यांत जास्त आढळतो. फरक पडतो तो प्रत्ययांत. कोरियनमध्ये 'चिप' म्हणजे घर, त्याला मागून 'ए' लावला की झालं 'चिबे', घरात. आपल्याच पद्धतीने. पश्तोत 'कोर' म्हणजे घर आणि घरात म्हणजे 'पह कोर के'. पालखीला पुढे-मागे भोई असावेत तसा शब्द दोन्ही बाजूंनी उचलून धरायचा. काही साम्यं तर शेतातून आलेली आहेत. आपल्याकडे शेतात साळ, पोत्यात तांदूळ आणि ताटात भात. कोरियनमध्ये शेतात 'ब्यॉ', पोत्यात 'स्साल' आणि ताटात 'बाप'. (ताटातल्याला बाप म्हणायचं, इलाज नाही.) भात पिकवून खाणाऱ्यांना एका शब्दात भागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोरियन खरी अडवते ती उच्चारात. 'दाल' म्हणजे चंद्र, 'त्ताल' म्हणजे मुलगी, 'थाल' म्हणजे मुखवटा. मी लिहिताना देवनागरीत वेगळं दाखवलं खरं, पण ती फसवणूक आहे. शब्दाच्या सुरुवातीला हे तिन्ही आवाज अघोषच असतात, म्हणजे आपल्या 'द'मध्ये गळ्यात होणारी थरथर पहिल्यातही नसते. दुसरा गळा आवळून काढायचा, तिसरा भरपूर हवा सोडून. आणि पहिला? सोलच्या तरुण पिढीत पहिल्यातली आणि तिसऱ्यातली हवा आता जवळपास सारखी झाली आहे. ओळख पटते ती सुरावरून: चंद्र खालच्या पट्टीत, मुखवटा वरच्या. भाषेत सुरांचे भेद कसे जन्माला येतात, हे अभ्यासकांना तिथे जिवंत माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतंय.

पश्तोला असल्या नाजूकपणाची फिकीर नाही. सूर्य म्हणजे 'ल्मर', एका दमात. कोरियनमध्ये शब्दारंभी अशी दोन व्यंजनं एकत्र चालतच नाहीत. इंग्रजी 'स्ट्राइक' तिथे गेला की 'सु-थु-रा-इ-खु' असा पाच अक्षरांचा होतो. उलट पश्तोत ट, ड आणि चक्क आपला ण आहे, जे फारसीत नाहीत. भारतीय भाषांच्या शेजाराचा हा परिणाम मानतात. पण अरबी लिपीत हे आवाज लिहायचे कसे? पश्तोने त, द, र, न यांच्या अक्षरांना एक छोटं कडं जोडलं. कडं आलं की जीभ मागे वळवायची. आणि कोरियात? राजा सेजोंगने १४४३ मध्ये नवी लिपी सिद्ध केली, १४४६ मध्ये जाहीर केली. तिच्यात 'न'चं अक्षर जिभेच्या आकारावरून काढलंय, आणि एक जादा रेघ मारली की 'त'चा 'थ', 'क'चा 'ख' होतो. इकडे कडं, तिकडे रेघ. एकमेकांना न विचारता दोघांनी आवाजाच्या एकेका गुणाला स्वतंत्र खूण दिली, हे मला फार आवडतं.

आदराच्या बाबतीत पश्तो 'तह' (तू) आणि 'तासो' (तुम्ही) यांवर भागवते. कोरियनमध्ये आजोबा जेवायला बसले की क्रियापद तर बदलतंच, पण 'बाप'चाही 'चिन्जी' होतो.

आता पश्तो आणि मराठीतलं एक खोलवरचं साम्य. मराठीत 'मी आंबा खाल्ला', पण 'मी पोळी खाल्ली'. खाणारी व्यक्ती तीच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे वळलं. वर्तमानकाळात असं होत नाही. तिथे 'खातो' किंवा 'खाते' हे खाणाऱ्यावर ठरतं. मराठी शिकणाऱ्यांना रडवणारी ही खोड पश्तोत तशीच्या तशी आहे. 'झ मणा ख्वरम' म्हणजे मी सफरचंद खातो. इथे क्रियापद 'मी'चं. भूतकाळात 'मा मणा वख्वडा'. 'झ'चा 'मा' झाला आणि क्रियापद स्त्रीलिंगी झालं, कारण 'मणा' स्त्रीलिंगी. कोरियन क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष कशाचंच सोयरसुतक नाही. कुणीही, काहीही, कितीही खाल्लं तरी 'मॉगॉत्ता'.

ही खोड येते कुठून? मराठीच्या आणि पश्तोच्या, दोन्ही घराण्यांत जुने भूतकाळ झिजत गेले आणि त्यांच्या जागी 'केलेलं', 'खाल्लेलं' अशी विशेषणं आली. विशेषण साहजिकच वस्तूच्या लिंगाला धरून राहिलं. संस्कृतात 'मया कृतम्'. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहुश (डरायस) राजाने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास कोरून घेतलेल्या लेखात 'इम त्य मना कर्तम' असे शब्द आहेत: हे जे मी केलं ते. फारसीने पुढे ही रचना टाकून दिली, पश्तोने ठेवली. त्यातला 'मना' षष्ठीतला आहे, म्हणजे शब्दशः 'माझं केलेलं'. पुस्तक मिटताना आपणही 'माझं वाचून झालं' असंच म्हणतो.