धाक, आत्मविश्वास आणि ‘जमते का’: फॅमिली थेरपीतल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

नागपुरात मुलाला घेऊन धंतोली-रामदासपेठेकडे काउन्सेलरकडे गेलं की बरेचदा आईवडिलांनाच फॉर्म भरायला देतात. मुलाचं वागणं सांभाळायचा तुम्हाला किती आत्मविश्वास आहे, नंबर द्या. मुलगा आजारी आणि मार्क आमचे काढता, असं पुष्कळांना वाटते.

आईबापांना विचारणं हीच मुळात नंतरची गोष्ट. १९४०-५० च्या दशकांत अमेरिकेत स्किझोफ्रेनिया आईमुळे होतो, ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो असं मोठमोठे डॉक्टर म्हणायचे, ते पुढे चूक निघालं पण तोवर कितीतरी आयांनी ते ओझं वाहिलं. साठच्या दशकात ओरेगॉनमध्ये आईवडिलांनाच शिकवायचं काम सुरू झालं. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात तर पन्नाशीच्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबू देऊन पेशंटजवळ ठेवायचे.

मग १९७७ साली एका मानसशास्त्रज्ञाने मांडलं की ‘हे काम मला जमेल’ असं वाटणं, म्हणजे ‘सेल्फ एफिकसी’, चार गोष्टींतून येते: स्वतः करून जमलं, दुसऱ्याला जमताना पाहिलं, कोणी धीर दिला आणि त्या वेळी अंगात धडधड किती होती. १९७८ मध्ये तान्ह्या बाळांच्या पालकांना ‘आईबापपण कितपत जमते’ हे विचारणारी १७ प्रश्नांची प्रश्नावली आली, १९८९ मध्ये ती ४ ते ९ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांवर वापरली तेव्हा तिचे दोन भाग पडले, समाधान आणि क्षमता.

खरा घोळ मराठीत आहे. ‘सेल्फ एफिकसी’ला आपण सरसकट आत्मविश्वास म्हणतो, आणि आत्मविश्वास म्हटलं की आपल्या घरात ऐकू येतो धाक. ‘माझ्या आवाजानेच पोट्टं गप बसते’ म्हणणारा बाप फॉर्मवर दहापैकी दहा देऊन मोकळा होतो, ‘बाबा येऊ दे मग सांगते’ म्हणणारी आई तीन लिहिते. पण प्रश्न धाकाचा नव्हताच. बर्डीच्या बाजारात भर गर्दीत पोरगं खेळण्यासाठी रस्त्यात लोळण घेते तेव्हा, किंवा रात्री हातातून मोबाइल घेताना, न मारता न ओरडता निभावता येईल का, एवढंच विचारायचं होतं. मग थेरपी सुरू होते, बाप हात उगारणं सोडतो, दीड-दोन महिन्यांनी तोच फॉर्म भरतो तर दहाचे सहा होतात आणि घरचे म्हणतात पैसे वाया गेले. माझं स्पष्ट मत आहे की हे सहा आधीच्या दहापेक्षा जास्त खरे आहेत. माणूस घसरला नाही, त्याची मोजपट्टी बदलली. संशोधनात याला ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ असं नावच आहे, पण ते आईबापांना कोणी समजावून सांगत नाही याचं मला फार वाईट वाटते.

शाळेतलं मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केलं, घरातली चापट राहिली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यासाच्या नावाने मोबाइल मुलांच्या हातात आला, आणि धाक कमी पडतो हे कित्येक घरांना तेव्हा कळलं. ज्या शहरात १८६४ पासूनच्या मनोरुग्णालयाला लोक अजून पागलखाना म्हणतात तिथे आईबाप स्वतःहून सेशनला बसू लागले ही लहान गोष्ट नाही.

आधी आत्मविश्वास वाढतो म्हणून मूल सुधरते, की मूल सुधरते म्हणून आत्मविश्वास वाढतो, यावर अजून वाद आहे, बहुतेक दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. फॉर्मवर मात्र ‘आत्मविश्वास किती’ऐवजी ‘अशा वेळी तुम्हाला जमते का’ एवढं लिहिलं तरी नागपुरातल्या कोणत्याही आईला प्रश्न नीट कळेल.