जुन्या सागवानाचे परसातील खुराडे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खानदेशातील धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे उतरवून त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत असल्याने खांब, कड्या (छपराखालची आडवी लाकडे), चौकटी आणि दारांच्या फळ्या असा माल आमच्या वखारीत बाराही महिने येत असतो. त्यातील लांब नग फर्निचरवाले घेऊन जातात आणि दोन ते चार फुटांचे तुकडे मागे राहतात. आठ गावरान कोंबड्यांच्या खुराड्याला बहुतांशी हाच माल पुरतो. मात्र जुने लाकूड स्वस्त मिळते एवढ्यावर भुलून कोणताही तुकडा उचलू नये; ते लाकूड आधी कोठे आणि कशासाठी वापरले होते, हे आधी विचारावे.

लाकडाची पारख

फळी दोन विटांवर आडवी ठेवून हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर लाकूड भरीव आहे. मध्येच आवाज बद्द झाला तर तेथे पटाशीचे टोक दाबून पाहावे. टोक सहज आत गेले आणि मातीसारखा चुरा बाहेर आला, तर आतून उधई लागलेली आहे, मग वरून फळी कितीही तुकतुकीत दिसो. कडीच्या टोकांना, म्हणजे भिंतीत गाडलेल्या भागाला, ही खोड हमखास असते. तेवढे वीतभर टोक कापून टाकले की उरलेली कडी बहुधा निर्धोक निघते.

जुन्या दारांवरील हिरव्या-निळ्या ऑइलपेंटबाबत मात्र आम्ही तडजोड करत नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे याच्या कितीतरी पट असू शकते. कोंबड्या रंगाचे पोपडे टिपून खातात आणि ते शिसे अंड्यांतही उतरते. म्हणून अशी फळी खुराड्यासाठी कोणी मागितली तरी आम्ही देत नाही, आणि ती घरी कोरडी घासून साफ करू नये, असेही सांगतो, कारण तिची धूळ घासणाऱ्याच्याच नाकातोंडात जाते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कोणी देऊ केले, तर तेही नाकारावेत. ते क्रिओसोट नावाच्या विषारी तेलात मुरवलेले असतात आणि उन्हाळ्यात ते तेल पाझरू लागते. यंत्रसामग्रीच्या खोक्यांची लाकडे घेताना त्यांवरील गव्हाच्या लोंबीच्या शिक्क्याशेजारची अक्षरे पाहावीत. तेथे ‘एचटी’ असेल तर लाकूड केवळ तापवून निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नये.

बांधणी

आठ कोंबड्यांसाठी सहा फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरेसे होते. प्रत्येकीला तीन चौरस फूट जागा मिळते. आपल्या काळ्या मातीत खांब गाडू नयेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चौकट पिळवटून दार बसेनासे होते. शिवाय उधईला आयती वाट मिळते. धाब्याच्या घरात प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असे, तीच रीत येथे धरावी. मुरूम धुमसून त्यावर चार तळखडे किंवा घडीव दगड बसवावेत आणि खुराड्याचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावा. शक्य असेल तेथे कुसू-सालीचा जोड घ्यावा, म्हणजे एका लाकडाचे घडवलेले टोक (कुसू) दुसऱ्यातील खाचेत (सालीत) बसवावे. जुने सागवान कडक असल्यामुळे आधी भोक न पाडता ठोकलेला खिळा वाकतो किंवा फळी चिरतो.

आपल्याकडे खुराड्याचा खरा शत्रू थंडी नसून ऊन आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख फाकवणे एवढेच तिच्या हाती असते. आम्ही बांधलेल्या पहिल्या खुराड्याची जाळी पश्चिमेला होती आणि वर उघडा पत्रा. त्या मे महिन्यात सायंकाळी सातपर्यंत एकही कोंबडी आत शिरेना; सगळ्या निंबाखाली बसून राहत. तेव्हापासून आम्ही खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतो, पश्चिमेची बाजू फळ्यांनी पूर्ण बंद करतो, उत्तर आणि दक्षिण बाजूंना जाळी लावतो आणि पत्रा चहूकडून दीड फूट बाहेर काढतो. पत्र्यावर तुराट्यांचा वीतभर थर बांधावा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, फुकट मिळतात, तरी त्या वापरू नयेत. त्यांवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून असते आणि पुढच्या हंगामात ती आपल्याच कपाशीवर उतरते.

षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु मुंगूस आणि घूस यांना बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी) घ्यावी आणि ती खिळे वाकवून न अडकवता लाकडी पट्टीखाली दाबून बसवावी. दाराला कडी-कोयंडा हवाच. नुसती दोरी कुत्रे ओढून काढते.

बसण्याचा दांडा दोन इंच रुंद, कडा रंधून गोल केलेला आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच असावा. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते, आणि खोकी उंच असतील तर तेथेच झोपून अंडी घाण करते. आठ कोंबड्यांना सहा फुटांचा एक दांडा आणि बारा इंचांची दोन खोकी पुरतात.

जुन्या लाकडाचा एक दोष मान्य केला पाहिजे. त्याच्या फटी, खिळ्यांची भोके आणि रिकाम्या साली यांत बारीक तांबड्या पिसवा दिवसभर लपतात आणि रात्री झोपलेल्या कोंबड्यांचे रक्त पितात. बांधणीपूर्वीच ही छिद्रे लाकडाचा भुसा आणि सरस यांनी बुजवावीत, नंतर आतून चुन्याचे दोन हात द्यावेत आणि दर सहा महिन्यांनी ते पुन्हा द्यावेत. दांडा ठोकून पक्का करू नये, खाचेत नुसता बसवावा, म्हणजे तो काढून उन्हात टाकता येतो.

खाद्य आणि पाणी छपराखालीच ठेवावे, जेणेकरून रानपक्ष्यांची विष्ठा त्यात पडणार नाही. देशातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नवापूरला. एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्यास त्या गुपचूप पुरू नयेत, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आपण मापे लिहून आणल्यास आम्ही लाकूड वखारीतच कापून देतो आणि अंबुराने खिळे उपटून देतो. तरीही मोडलेल्या खिळ्याचे एखादे टोक आत राहते आणि घरी रंधताना गळून पडते. कोंबडी चकाकणारी वस्तू टिपल्याशिवाय राहत नाही, म्हणून कोंबड्या सोडण्यापूर्वी खुराड्याखालची आणि भोवतालची जमीन दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने एकदा फिरून झाडून घ्यावी. चुंबक वखारीतून दोन दिवसांसाठी विनामूल्य मिळेल.